रेघेवरचा भरवसा



घरावर संकट आले की दोन प्रकारची माणसे दारात येतात. एक विचारतो, "जेवलात का?" दुसरा विचारतो, "असे काय हातून घडले होते, की देवाने ही वेळ आणली?" तुमच्याही दारात हे दोघे कधी ना कधी येऊन गेले असतील. आज मी लिहितो आहे ते या दुसऱ्या माणसाविषयी. त्याला मी चांगला ओळखतो, कारण पुष्कळ वर्षे तो मीच होतो.

मी प्रयाग चिखलीचा शेतकरी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांचा संगम आमच्या गावापाशी होतो आणि तिथून पंचगंगा कोल्हापूरकडे वळते. गळ्यात माळ वडिलांनी लहानपणीच घातली. रोज संध्याकाळी देवळात हरिपाठ, पंधरवड्याची एकादशी, आणि आषाढीला कोल्हापुरातून नंदवाळला जाणारी दिंडी. पंढरीला जाणे जमले नाही तरी आमच्या भागातला माणूस प्रतिपंढरपूर नंदवाळची वाट चुकवत नाही. कोरोनाचा काळ सोडला तर पुईखडीचे रिंगण पाहिल्याशिवाय वर्ष गेले, असे मला आठवत नाही. हे सगळे सांगतो ते बढाई म्हणून नव्हे. इतके करूनही माणसाच्या मनात काय शिल्लक राहू शकते, ते पुढे यायचे आहे म्हणून सांगतो.

माझ्या भिंतीला भिंत लागून एक घर आहे. त्या शेजाऱ्याचे नाव लिहीत नाही, त्याला ते आवडायचे नाही. वयाने माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. माळकरी नाही. कधीमधी पितो. देवळात आला तर बाहेरच्या कट्ट्यावर बसणार, टाळ हातात घेणार नाही. पण नंदवाळच्या दिंडीला वाटेत चहाचे पिंप घेऊन उभा राहायचा. कोणी सांगितलेले नसायचे, आपला यायचा.

२०१८ साली त्याच्या गोठ्यातली चांगली दुभती म्हैस विताना गेली. महिन्याभरात दुसरीही आजाराने गेली. त्या आठवड्यात हरिपाठ झाल्यावर कट्ट्यावर बोलणे निघाले आणि मी चारचौघांत म्हणालो, "एकादशीला ज्याच्या चुलीवर मटण शिजते, त्याच्या गोठ्यात लक्ष्मी कशी राहील?" लोक हसले. मलाही आपण काही नेमके बोललो असे वाटले. बोलणे भिंतीपलीकडे पोचायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवसापासून तो देवळाच्या कट्ट्यावर बसायचा बंद झाला. २०१९ च्या आषाढीला, १२ जुलैला, नंदवाळच्या वाटेवर चहाचे पिंप दिसले नाही. मला ते दिसले नाही हे मी पाहिले, आणि पुढे चालत राहिलो. मुखात नाम चालू होते.

माउली, त्यानंतर चोवीस दिवसांनी नागपंचमी होती. सोमवार, ५ ऑगस्ट २०१९.

कोल्हापूरचा माणूस पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी घरातल्या आजाऱ्याच्या तापासारखी विचारत असतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. त्या आठवड्यात धोक्याची पातळी केव्हाच मागे पडली होती. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी येत होती, वरून पाऊस थांबत नव्हता. रविवारी संध्याकाळी शेजारी दारात आला. वर्षभरात पहिल्यांदा. उंबऱ्याच्या बाहेरूनच म्हणाला, "आण्णा, पाणी लई वेगानं चढायलंय. उजेड हाय तवर म्हसरं हलवूया. आक्कालाबी घेऊन जाऊया."

आक्का म्हणजे माझी आई. ब्याऐंशी वर्षांची.

मी म्हणालो, "विठ्ठल आहे पाठीशी. तू तुझं बघ."

आज हे वाक्य लिहिताना हात जड होतो. कारण मी त्याला खोटे सांगितले होते. माझा भरवसा त्या वेळी विठ्ठलावर नव्हता. आमच्या दाराच्या चौकटीवर एक रेघ आहे. २००५ च्या पुरात पाणी जिथवर आले, तिथे वडिलांनी खिळ्याने ती ओढली होती. उंबऱ्यापासून जेमतेम वीतभर वर. १९८९ च्या पुरातही पाणी त्याच्या खालीच राहिले होते, असे ते सांगत. त्या पुरानंतर आमच्या गावच्या लोकांना सोनतळीला उंचावर जागा मिळाल्या, पण शेत इथे, गोठा इथे, म्हणून आमच्यासारखी अनेक घरे जुन्या गावातच राहिली. मी ती रेघ पाहिली आणि मनात म्हटले, याच्या वर पाणी कशाला येईल? बापाच्या खिळ्याची रेघ, आणि तिला मी विठ्ठलाचे नाव दिले. शिवाय ज्याला मी कट्ट्यावर हसलो होतो, त्याचे ऐकून घर सोडायचे, हेही मनाला पटत नव्हते. श्रद्धेच्या पांघरुणाखाली माणूस काय काय झाकतो, ते त्या रात्री मला कळले.

सोमवारी रात्री दहाच्या सुमारास पाणी रेघेवर आले. बारा वाजता रेघ दिसेनाशी झाली. आईला आणि बायकोला माळ्यावर चढवले. वीज गेलेली. खाली गोठ्यात चार म्हशी दाव्याला, त्यांचे ओरडणे ऐकू येत होते. मी खाली उतरलो, पाणी छातीला लागले, ओढ इतकी की खांब सोडवेना. मी खांबाला धरून विठ्ठल विठ्ठल म्हणत होतो, आणि खरे सांगतो, त्या वेळच्या नामात भीतीशिवाय काही नव्हते.

तेवढ्यात गोठ्याच्या मागच्या भिंतीवरून बॅटरीचा उजेड आला. शेजारी होता. तोंडात विळा धरून पोहत आला होता. त्याने एकेक दावे कापले. म्हैस पाण्यात माणसापेक्षा शहाणी असते, मोकळी सुटली की पोहते. तिघी त्याच्या मागोमाग वरच्या अंगाच्या उंचवट्यावर पोचल्या. चौथी गाभण होती, दिवस भरत आले होते. तिचे दावे पाण्याखाली गुंतले होते. त्याने दोनदा बुडी मारली. ती गेली.

बुधवारी बोट आली. तोवर आम्ही माळ्यावर भिजलेले पोहे खाऊन दिवस काढले. त्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कोल्हापूरचा संपर्क तुटला. एनडीआरएफचे, नौदलाचे जवान आले, तसे गावोगावचे पोरगेही ट्रकच्या ट्यूबी घेऊन उतरले. आम्हाला कोल्हापुरातल्या एका मंगल कार्यालयात नेले. ज्या हॉलमध्ये लोक अक्षता टाकायला येतात, तिथे आम्ही दोन-अडीचशे माणसे सतरंजीवर बसलो होतो.

तिथे अन्न आले. कसे आले ते सांगतो, कारण त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. शहरातल्या बायांनी घराघरांतून भाकऱ्या थापल्या होत्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार भाकऱ्या, त्यात ठेच्याचा गोळा आणि कांदा. कुणाचे नाव नाही, गाव नाही. तालीम मंडळांची पोरे ती वाटत होती. त्याच आठवड्यात बकरी ईद आली. कोल्हापुरातल्या अनेक मुस्लिम बांधवांनी सण साधेपणाने करून पैसे पूरग्रस्तांकडे वळवले. माझ्या हातात आलेली भाकरी कुणाच्या चुलीवरची, कुठल्या जातीची, माळकऱ्याची की बिनमाळेची, हे विचारायची सोय नव्हती. आणि भूक लागली तेव्हा विचारायचे सुचलेही नाही.

रविवारी ११ ऑगस्टला श्रावणातली एकादशी होती. सकाळी भात-आमटी आली. मला तिथीचे भानच नव्हते. मी ताट आईसमोर सरकवणार, तोच मागून आवाज आला, "आण्णा, आक्काला भात नगं. आज एकादशी हाय न्हवं?"

शेजारी उभा होता. हातात सहा केळी आणि कागदात भाजलेले शेंगदाणे. सकाळपासून चिखलपाण्यातून हिंडून कुठून तरी मिळवले होते. "आक्का, ही घ्या," म्हणाला आणि ठेवून निघून गेला.

माउली, ज्याच्या एकादशीची मी चारचौघांत थट्टा केली, त्याला माझ्या आईची एकादशी आठवली. आणि मी, टाळ धरणारा, विसरलो होतो.

आईने केळे सोलले, अर्धे माझ्या हातात दिले. कट्ट्यावरचे माझे बोलणे तिच्याही कानावर गेले होते, हे मला तेव्हा कळले. ती एवढेच म्हणाली, "मागितलं न्हाईस, तरी आलं. आता देणाऱ्याला नावं ठिवू नकोस."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा मी कीर्तनातून शंभरदा ऐकली असेल. त्या रात्री ती पहिल्यांदा समजली. बिदरच्या बादशहाचा मंगळवेढ्याचा अंमलदार. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली, आणि पंतांनी सरकारी कोठारे उघडली. धान्य त्यांचे नव्हते, शिक्षा मात्र त्यांचीच होणार होती. बादशहाने त्यांना धरून आणायला सांगितले. पंत वाटेत आहेत आणि तिकडे दरबारात एक महार येऊन धान्याची सगळी किंमत भरून पावती घेऊन जातो. नाव विठू.

या कथेत आपण चमत्कारावर थांबतो. थोडे अलीकडे-पलीकडे पाहा. दुष्काळातल्या माणसांना देवाने अन्न दिले ते आकाशातून नव्हे, एका माणसाच्या हाताने दिले, आणि त्या माणसाने देताना आपली मान पणाला लावली. दुसरे म्हणजे, कोठार उघडताना पंतांनी रांगेतल्या कुणालाही विचारले नाही की तू कोणत्या पापाने भुकेला झालास. तिसरे असे की, न्यायाच्या दरबारात देव आला तो न्यायाधीशाच्या गादीवर बसायला आला नाही. देणेकऱ्याच्या बाजूने उभा राहून भरपाई करायला आला. आणि रूप कोणते घेतले? ज्याला त्या काळच्या समाजाने उंबऱ्याबाहेर ठेवले होते, ते. मग माझ्या उंबऱ्याबाहेर उभा राहून "म्हसरं हलवूया" म्हणणारा कोण होता, हे मी कोणत्या तोंडाने ठरवणार?

मंगळवेढ्याचेच आणखी एक स्मरण. संत चोखोबा तिथलेच. शके १२६० मध्ये गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसोबत तिच्याखाली गेले. संकट म्हणजे पापाची शिक्षा, हा माझा कट्ट्यावरचा हिशेब खरा असेल, तर त्या भिंतीचा हिशेब कसा मांडायचा? नामदेवराय तिथे गेले ते दोष शोधायला गेले नाहीत. ढिगाऱ्यातून अस्थी वेचायला गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या त्यांनी उचलल्या आणि पंढरीच्या महाद्वारात समाधी दिली. आपण दर वारीला तिथे माथा टेकवतो, आणि घरी येऊन शेजाऱ्याची भिंत पडली की पापपुण्याची वही उघडतो.

तुकोबारायांचेही तसेच. १६३० च्या सुमाराचा तो दुष्काळ. व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, पहिली पत्नी आणि मुलगा गेला. गावात मान राहिला नाही. त्या अवस्थेत त्यांनी काय केले? देहूचे मोडकळीला आलेले देऊळ दुरुस्त केले. आणि लोकांकडून येणे असलेली खते इंद्रायणीत बुडवली. परंपरा सांगते, त्यातली निम्मी भावाच्या, कान्होबांच्या वाट्याची म्हणून बाजूला काढली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडवली. दुसऱ्याच्या हक्कावर स्वतःचा उदारपणा त्यांनी केला नाही. स्वतः होरपळलेला माणूस दुसऱ्याचे देणे सोडून देतो, याला मी भरवसा म्हणतो. उद्याची काळजी करणारा कोणी आहे, असे आतून पटल्याशिवाय हातातले कागद सुटत नाहीत.

आणि आपल्या जिल्ह्यातच पाहा. नृसिंहवाडीला दर पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचे पाणी थेट दत्तमहाराजांच्या पादुकांवरून जाते. तिथे लोक त्याला देवाचा कोप म्हणत नाहीत, दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करतात. देव स्वतः पाण्यात उभा आहे. मग पाण्यात सापडलेल्या माणसाकडे बोट दाखवून "याच्यावर कोप झाला" म्हणायचा अधिकार कोरड्या काठावरच्याला कुठून मिळाला?

पूर ओसरला. घरात गुडघाभर गाळ. पाहुणे आले, भाऊबंद आले, आणि तो दुसरा माणूसही आला. नात्यातल्या एकाने सोप्यात उभे राहून विचारले, "आण्णा, एवढी भक्ती करूनसुद्धा? काहीतरी चुकलं असेल बघा." मला राग आला नाही. माझेच शब्द फिरून माझ्या सोप्यात आले होते.

हरिपाठ पुन्हा सुरू झाला त्या दिवशी, मी ज्या माणसांसमोर बोललो होतो त्यांच्याच समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "गेल्या वर्षी मी शेजाऱ्याला बोललो ते चुकलो. त्याच्या म्हशी पापाने गेल्या नव्हत्या, माझीही पापाने गेली नाही. माझी मात्र माझ्या हट्टाने गेली." मग त्याच्या घरी गेलो. पाया पडायला वाकलो तर त्याने दोन्ही हात धरले. म्हणाला, "सोडा की आण्णा. वासरू काढता आलं असतं तर बरं झालं असतं." त्याला माझ्या माफीपेक्षा ती गाभण म्हैस लागून राहिली होती. पुढे आम्ही कधी त्यावर बोललो नाही.

आता एक गोष्ट सांभाळून वाचा, माउली. देवाने माझे सगळे भरून दिले, असे मी लिहिणार नाही. ती म्हैस कर्जाची होती, तिचे हप्ते ती गेल्यावरही दोन वर्षे फेडले. ऊस कुजला. आई त्याच हिवाळ्यात गेली, त्या माळ्यावरच्या थंडीने तिची छाती धरली ती सुटली नाही. भरवसा म्हणजे गेलेले व्याजासकट परत मिळण्याची पावती नव्हे. तसे असते तर तो सावकारी व्यवहार झाला असता. मला एवढेच सांगता येते की त्या आठ दिवसांत एकाही जेवणाला आम्ही उपाशी राहिलो नाही, आणि त्यातले एकही अन्न माझ्या कमाईचे नव्हते. गेलेल्याचे उत्तर मला मिळाले नाही. आलेल्याचे ऋण मात्र मी मोजू शकतो.

२०२१ ची गोष्ट सांगून थांबतो. कोरोनाचा काळ. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका सलग दुसऱ्या वर्षी एसटीने पंढरीला गेल्या. आषाढी २० जुलैला घरातच झाली. आणि दोनच दिवसांनी पावसाने असा जोर धरला की २०१९ आठवले. त्या वेळी गल्लीत सर्वांत आधी ज्याच्या गोठ्यातली दावी सुटली, तो मी. दुपारच्या उजेडात शेजारी आणि मी दोघांची जनावरे मिळून सोनतळीच्या बाजूला नेत होतो, तर वाटेत एक जण हसून म्हणाला, "काय आण्णा, माळकरी असून इठ्ठलावर भरवसा न्हाई व्हय?"

मी म्हणालो, "गेल्या खेपेला त्यानं सांगावा धाडला होता, मी ऐकला न्हाई. या खेपेला ऐकलो."

त्या पुरात पाणी ५६ फुटांच्या वर गेले, आधीच्याहून अधिक. घर पुन्हा बुडाले. वडिलांची रेघ पुन्हा पाण्याखाली गेली. पण गोठ्यातले एकही जनावर गेले नाही, आणि वरच्या निवाऱ्यात आम्ही पोचलो तेव्हा हातात भाकऱ्या घेऊन बसलो नाही, आलेल्यांना वाटायला उभे राहिलो. भाकरी देताना कुणाचे नाव विचारले नाही.

चौकटीवर आता तीन रेघा आहेत. नव्या दोन माझ्या मुलाने ओढल्या. तो कधी त्यांच्याकडे पाहून विचारतो, पुढचे पाणी कुठवर येईल? मी त्याला सांगतो, ते रेघेला विचारू नको. पाऊस वाढला की जनावरे सोड, शेजाऱ्याचे दार वाजव, आणि मग नाम घे. क्रम चुकला तरी विठ्ठल रागावणार नाही, पण म्हैस जाते.

आणि तुम्हाला, वाचक माउली, हात जोडून एवढेच मागतो. उद्या तुमच्या शेजारच्या घरावर काही कोसळले, तर त्याच्या दारात पहिला माणूस होऊन जा. "जेवलात का?" एवढे विचारा. दुसरा प्रश्न तोंडावर आला तर गिळून टाका. देवाने कुणाला काय दिले, का दिले, हा हिशेब ज्याचा आहे त्याच्याजवळ राहू द्या. आपल्या वाट्याला चार भाकऱ्या आणि वर्तमानपत्राचा कागद आला आहे, तेवढे काम पुरे आहे.

नंदवाळच्या वाटेवर चहाचे पिंप पुन्हा उभे असते. आषाढीचा उपवास असतो म्हणून हल्ली तो चहासोबत केळीही ठेवतो. कधी त्या वाटेने आलात तर थांबा. नाव विचारू नका. चहा घ्या आणि पुढे चला.

राम कृष्ण हरि.